सुपडू

अमळनेर, सकाळचे नऊ. काचपट्टीवर
सुपडू लहानू कोळी, वय एकसष्ट.
आधीची चार गेली, म्हणून मायनं
पाचव्याला सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं,
तेच नाव पडलं.

जांभळ्या रंगात पांढऱ्या पेशी मोजतोय मी.
ह्यातल्या बऱ्याच हाडाच्या पोकळीत जन्मून
छातीच्या फळीमागे पाखडल्या गेल्या:
जिला कुणाचीच ओळख पटेना, ती गेली.
जी आपल्याच घरावर धावली, तीही.
शंभरातल्या दोन-तीन बाहेर पडल्या,
रक्ताच्या वाटेला लागल्या.

ते सूप आता नुसती चरबी, सुपडूभो.
नवं पीक जवळजवळ बंद.
जुन्याच राखणीला आहेत.

तो खिडकीतून विचारतो,
"कितल्या शेतस?"

पुरेशा, म्हणतो मी, आणि
पुन्हा पहिल्यापासून मोजतो.