एफीच्या वळणावर

सात वेळा उभं केलंय मी हे कुंपण.
त्याच जागी, जवळजवळ त्याच खड्ड्यांत.
टोटाराच्या एका जुन्या खांबाचं बूड
अजून मातीत अडकलेलं आहे,
दाताचं मूळ राहून जावं तसं.

रस्ता टेकडीवरून मऊसूत उतरतो
आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखा
उजवीकडे वळतो.
चालवणाऱ्याला आठवत नाही.
जुलैच्या पहाटे डांबरावर बर्फाचा पापुद्रा धरतो,
दिसत नाही, चमकतो फक्त,
तेही दिवा नेमका पडला तर.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
गाड्यांची त्याच्यापुढे वीसेक पावलं,
सलगमच्या वावरात.

एफी डॅलग्लीश, वय एकोणऐंशी,
स्वयंपाकघरात यीस्टच्या डब्यामागे वही ठेवते.
तारीख. गाडीचा रंग. मेंढ्या किती बाहेर गेल्या.
कोण थांबलं, कोण नाही.
'कोण नाही'चा रकाना भरगच्च.
एकदा कुणीतरी तुटल्या तारेला
नोटांची सुरळी अडकवून गेलं होतं,
केसांच्या रबरात गुंडाळून.
ते रबरही चिकटवलंय तिने त्या पानावर.

माझं काय, मी कुंपणवाला.
खांबामागे इतके, तासाला इतके.
खरं सांगायचं तर माझ्या मुलीचे दात
या वळणावर सरळ झाले.

मागच्या वर्षी एफी म्हणाली, "तामाती, दगड आण.
नदीतले. गाईएवढे. तीन पुरेत."
मी ट्रॅक्टर घेऊन गेलोही.
पहिल्या दगडाला साखळी घातली,
मग त्याच्यावरच बसून डबा खाल्ला.
थंडगार. तसूभर हलणारा नाही.
त्यासाठीच तर हवा होता तो.
आणि घास तोंडात असताना
ते पाचव्या वेळचं पोरगं आठवलं,
दूध कारखान्याची रात्रपाळी करून निघालेलं,
गवतात बसून तुटकी तार मुठीत धरून
तारेलाच 'सॉरी, सॉरी' म्हणत होतं.
कुंपण मोडलं होतं,
म्हणून ते मोडलं नव्हतं.

एफीला सांगितलं, साखळी तुटली.
तिने माझ्या साखळीकडे पाहिलं,
ती ट्रॉलीत धडधाकट पडलेली.
काही बोलली नाही.

दोन दिवसांनी तीच उभी वळणावर,
गमबूट, मेलेल्या नवऱ्याचा कोट, हातात सुतळी.
"कुंपण आत घे."
किती?
"घसरलेला माणूस थांबेल इतकं."
ते किती, हे कुठल्याच कार्यालयात लिहिलेलं नव्हतं.
मी चाकांचे जुने वण पावलांनी मोजले.
सगळ्यात लांब बावीस मीटर.
"पंचवीस धर," ती म्हणाली.
तिचा मुलगा लॅकलन दारातूनच ओरडला:
ही सगळ्यात चांगली जमीन,
रस्त्याला काय आंदण देतेस?
तिने वही आणून टेबलावर ठेवली
आणि बटाटे सोलायला बसली.

या हिवाळ्यात एकदाच.
दवात दोन काळे पट्टे,
नव्या तारेच्या हातभर अलीकडे संपलेले,
मग गोल फिरून परत रस्त्याला लागलेले.
कोण होतं, कधी गेलं, पत्ता नाही.
वहीत तिने लिहिलं:
रंग, माहीत नाही. मेंढ्या, शून्य.
कोण थांबलं, या रकान्यापाशी
पेन जरा रेंगाळलं.
मग लिहिलं, 'थांबलं.'

त्या महिन्यात मला काम नव्हतं.
तरी गाडी बाजूला घेतली,
वरची तार बोटाने छेडून पाहिली.
ताण ठीक होता.
मेंढ्या तारेतून माना काढून
बाहेरचंच गवत ओढत होत्या.