नववा बूट

उत्तर समुद्रातलं आमचं बेट म्हणजे बशीएवढं कुरण.
हिवाळ्यात समुद्र ते गिळतो,
मग मातीचे उंचवटे तेवढे वर राहतात,
त्यांवर घरं, घरांत आम्ही, गोठ्यांत मेंढरं.
तिथली ही शाळा:
एक खोली, एक शेगडी, फ्राउकेबाई, चार मुलं.
मी ब्रोडर. शिपाई म्हणा, बूटवाला म्हणा.
दुपारी आठ बूट धुणं हे माझं काम
आणि धुताना कुरकुरणं, तेही माझंच.

वेळापत्रक भिंतीवर आहे,
पण ठरवतो ते चंद्र.
सोमवारी ओहोटी दहाला, तर गणित दहाला.
मंगळवारी अकराच्या आसपास, तर आधी वाचन.
गुरुवारी पाणी ऐन जेवणाच्या वेळी हटतं,
तेव्हा डबा पाठीवर.

पाणी मागे सरलं की जे उघडं पडतं
त्याला जमीन म्हणवत नाही.
मैलोन्‌मैल करडा, चकचकता गाळ.
कान लावला तर बारीक करकर.
चिखल जेवतोय, मोम्मे म्हणाला.
बाईंनी दुरुस्त केलं नाही.
कोण जेवतंय ते बघ ना, म्हणाल्या.
तो पालथा पडला. अर्धा तास!
बाकावर हा मोम्मे चार मिनिटं टिकत नाही.
उठला तेव्हा तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा एक जीव,
मिश्या फाकवून पाण्याचा पापुद्रा फोडणारा.
टक्.
त्या दिवशी त्याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मी धुतली.

मार्चमध्ये मुख्य भूमीवरून तपासनीस आले,
डॉक्टर लोरेन्झेन. चामडी बॅग, पॉलिश केलेले बूट.
खोलीत कोणी नाही.
"वर्ग कुठे आहे?"
मी खिडकीतून बोट केलं:
क्षितिजाशी चार पिवळे ठिपके, एक लाल.

निघालो दोघे. मी म्हणालो होतो, माझे रबरी बूट घाला.
तीनशे पावलांवर त्यांचा डावा पाय गेला
पोटरीपर्यंत.
ते ओढतात, गाळ धरतो. ते आणखी ओढतात.
इंकेन धावत आली, वय सात, नाकावर चिखल.
"ओढू नका ना. टाच हलवा. हळू.
कुठे जायचंच नाहीये, असं."
एवढ्या शिकलेल्या माणसाने टाच हलवली.
पाय आला. बूट नाही आला.
युस्ट कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागला
आणि डॉक्टरांना आपलं काम आठवलं असावं:
"बाळ, खेकड्याला पाय किती?"
"याला नऊ," युस्ट म्हणाला, दुसऱ्या हातातला दाखवत.
"एक कोणीतरी खाल्ला. कात टाकली की नवा येईल."

तेवढ्यात केयका, सगळ्यांत धाकटी, जी अजून स्वतःचं नाव
उलटं लिहिते, मान वर करून थांबली.
"धुकं."
आम्हाला काही दिसत नव्हतं.
तिला मानेवर ओल लागली होती.
बाईंनी दोर काढला, होकायंत्र काढलं,
पोरांनी दोर धरला, बडबड बंद झाली.
पाच मिनिटांत माझाच हात मला दिसेना.
पुढे केयका, वाळूवरच्या लाटांच्या रेषा
तळपायाने वाचत. आडव्या आल्या की डावीकडे.
बाई होकायंत्र बघत आणि काही न बोलत.
केयकामागे डॉक्टर, एका पायात बूट, एका पायात मोजा,
दोर दोन्ही हातांनी घट्ट.

अहवालात काय लिहिलं कोण जाणे.
माझे रबरी बूट घालून गेले,
ते अजून परत आलेले नाहीत.

मे महिन्यात पोरांना तो बूट सापडला.
पॉलिश गेलेलं, नाडीवर शेवाळ,
टाचेला पांढऱ्या शिंपल्यांची खरूज.
फळीवर ठेवलाय. आठ धुतो मी.
नववा धुवायचा नाही, केयकाची ताकीद आहे,
आत कोणीतरी राहतंय.
रोज सकाळी ती वाटीने त्यात
समुद्राचं पाणी घालते,
फळीखालची फरशी मी पुसतो.