पेशी

वडील मोमिनाबादच्या कोर्टात पेशकार होते.
मी पेशींवर काम करते म्हटलं तेव्हा
चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुणाच्या?"
त्यांच्या लेखी पेशी म्हणजे तारीख,
पुकारा, लाल फडक्यात बांधलेली मिसल,
बाहेर लिंबाखाली उकिडवी बसलेली माणसं.
मी वहीत गोल काढून समजावलं.
सगळं ऐकून घेऊन म्हणाले,
"म्हणजे तुझ्याकडंही निकाल उशिराच."

प्रज्योती, ही फ्रीझरची किल्ली.
खालचा कप्पा चिकटतो, गुडघ्याने दाबून ओढ.

चौऱ्याण्णव साली घाटीत
कौशाबाईच्या गालाचा तुकडा काढला,
हरभऱ्याएवढा.
अंगठा घ्यायला मीच गेले होते वॉर्डात.
वडवणीकडची बाई,
कमरेला मिसरीची डबी अजून तशीच.
"काय करतीस माय ह्याचं?"
वाढवते, म्हटलं. काचेच्या बाटलीत.
ती हसायला गेली, तोंड उघडेना.
"माझ्यात वाढलं ते कमी पडलं व्हय?"

तीन आठवड्यांनी ती गेली.
बाटलीच्या तळाशी तेव्हा तिसरी पिढी होती,
शहाबादी फरशीसारखी
एकमेकींच्या कडेला कड लावून.

मग लोडशेडिंगची वर्षं.
पेशींना हवी सदतीस अंशांची ऊब,
आणि मे महिन्यात खोली बेचाळीस.
मी ऊब देण्याच्या पेटीला
ओल्या पोत्याने वारा घालत बसायचे.
द्रव नायट्रोजन परवडेना
तेव्हा खडकेश्वरला, जनावरांच्या दवाखान्यात
डॉक्टर मोहसिनअलींनी त्यांच्या कॅनमध्ये जागा दिली.
देवणी वळूच्या कांड्या, लाल कंधारीच्या कांड्या,
त्यांच्या शेजारी कौशाबाई.
रजिस्टरात जातीचा रकाना होता.
त्यांनी विचार करून लिहिलं, माणूस.

अकरा निबंध झाले.
एक प्रथिन, विभाजनाला थांब म्हणणारं;
या पेशींत ते मुकं होतं.
का मुकं, हे शोधण्यात माझी चाळिशी गेली.
एकदा परदेशी बोलावलं, स्वेटर नणंदेचा होता.
पडद्यावर तिची फरशी दाखवताना
मला एकदम मिसरीचा वास आला.

दोन हजार अकराला पुण्याहून अहवाल आला.
डीएनएचा ठसा
घाटीत मेणात जपलेल्या तिच्या तुकड्याशी जुळत नव्हता.
गव्हाच्या पोत्यातून गाजरगवत यावं
तशा दुसऱ्याच कुणाच्या पेशी,
प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतून हिंडलेल्या, जोमाच्या,
एखाद्या थेंबातून शिरल्या होत्या.
कधी, ते कळायला मार्ग नाही.
मी इतकी वर्षं
एका अनोळखी बाईला कौशाबाई म्हणत होते.

सात निबंध मागे घेतले.
पत्र लिहायला एक दुपार लागली,
पाठवायला सव्वा महिना.
शेजारच्या खोलीतले म्हणाले, "कोण बघतंय मॅडम?"
त्यांनाही चहा दिला.

मोहसिनअली निवृत्त होताना त्यांचा फोन आला.
"आपा, तुमचं एक सामान राहिलंय."
वळूंच्या कांड्यांखाली, तळाला, एक कुपी.
अक्षर माझंच, पेन्सिलीचं.
चौथी पिढी. ऑगस्ट चौऱ्याण्णव.

नऊ वर्षं झाली. मी ती उघडली नाही.
वितळवता एकदाच येते.
तिच्याच असतील, किंवा नसतील,
किंवा असतील आणि जगणार नाहीत.
लेकाच्या लग्नाआधी उघडू म्हटलं, नंतर म्हटलं,
मग हात कापायला लागले
आणि एक चांगलं कारण मिळालं.

ती खालच्या कप्प्यात आहे, डाव्या कोपऱ्यात.
घाईत असशील त्या दिवशी हात लावू नकोस.
पाणी सदतीस अंशांचं घे, नीट मोजून.
बर्फाचा शेवटचा खडा विरायच्या आत बाहेर काढ.
बाटलीवर फक्त तारीख टाक.
नाव, ठसा जुळल्यावर.