उतार

सोन-कोलच्या कुरणावर पोचलो तेव्हा
कालिपा आपा तंबूच्या दाराशी टेकून बसली होती,
घोडीच्या दुधाचं बुधलं शेजारी कलंडलेलं,
दूध गवतात जिरत होतं, कुणी उचललं नव्हतं.

दंडाला पट्टा आवळला. फुगवला. सोडला.
वरचा दोनशे दहा. खालचा एकशे दहा.
दुसऱ्या दंडावर मोजला.
तेवढाच.

गोळ्या संपून वीस दिवस झालेले.
खाली जायला कुणाला सवड नव्हती,
मेंढ्यांची कातरणी चाललेली.

हस बघू, आपा.
ती हसली.
डाव्या गालापर्यंत हसू पोचलंच नाही.
दोन्ही हात समोर धर म्हटलं,
तर डावा आपलाआपला खाली येऊ लागला
आणि ती त्याच्याकडे बघत राहिली,
दुसऱ्याचं वासरू गोठ्यात शिरावं तशी.

शेवटची धड कधी बोलली होती?
दुसऱ्यांदा घोड्या पिळल्या तेव्हा.
म्हणजे किती वाजता?
दोओलोतने जमिनीकडे बोट दाखवलं :
सावली त्या खुंट्याशी होती.
मी वहीत लिहिलं, चार.

"एजे, सुई दे. आकडा खाली आण.
गेल्या उन्हाळ्यात शेजारच्याला दिली होती,
पाच मिनिटांत उतरला होता."

उतरला होता खरा.
तो शेजारी आता
कूस कोण बदलून देईल याची वाट बघत पडलेला असतो.

कसं सांगू या मुलाला
की तिच्या डोक्यात एक वाट बुजलीय,
आणि पलीकडच्या तहानलेल्यांपर्यंत
रक्त रेटून नेतोय
तो हाच दाब, ज्याला तू घाबरतोस?
सांगितलं. त्याला पटलं नाही.
खिशातली कुपी
माझ्याच अंगाने कोमट झाली होती.

बोटाला टोचून साखर बघितली, ठीक होती.
डोकं उशाने जरा वर केलं.
पाणीसुद्धा दिलं नाही. मागत होती.

मोल्दो-आशूचा घाट.
जुमाशने गाडी दुसऱ्यात टाकली,
ब्रेकवरचा पाय काढून घेतला.
खाली खडी सरकत होती,
इंजिन कण्हत गाडीला धरून होतं.
दर पाच मिनिटांनी पट्टा.
दोनशे आठ. दोनशे बारा. दोनशे सहा.
एवढे रिकामे हात
मला कधी जड झाले नव्हते.

कुठल्याशा वळणावर फोनला रेघ आली.
ओरडून सांगितलं : चार वाजता, डावी बाजू,
दाबाला हात लावलेला नाही,
यंत्र तयार ठेवा.
पलीकडून "बरं" ऐकू आलं,
की वारा होता.

दोओलोतने आईचा डावा हात
स्वतःच्या मांडीवर घेतला होता,
तो निसटू नये म्हणून वर टोपी ठेवलेली.
"उतार पडला का?" त्याने विचारलं.
मी आकड्याकडे बघितलं.
पुढून जुमाश म्हणाला,
"अजून अकरा वळणं."

आणि आपा, जड जिभेने,
अर्धे शब्द गिळत विचारत होती
शिंगराला कुणी सोडलं का,
की ते बांधलेलंच आहे.