हत्ती : विचारून

आमची होडी लहान. सात माणसं, एक सायकल,
चिकोडीच्या बाजारातली कोंबड्यांची पाटी,
आणि डिझेलच्या यंत्रावर एक पाय ठेवून
उभा रायाप्पा अंबी.

मधेच त्यानं यंत्र बारीक केलं.
'थोरलीला जाऊ द्या की,' म्हणाला,
वाटेत कुणी वडीलधारं दिसलं की
सायकलवरनं उतरावं, तसं.

थोरली म्हणजे ती जोडनाव.
दोन होड्या, वर सागवानी फळ्यांचा माळा,
डांबर इतक्यांदा फासलेलं
की खालचं लाकूड कुणी बघितलेलंच नाही.
तारेला धरून येत होती, कुरकुरत,
आणि तिच्यावर एकच मोटार, पांढरी,
चाकांखाली दगड,
बॉनेटवर लग्नातला वाळका हार.

इंजिन बंद. चाकं थांबलेली.
तरी गाडी चालली होती कृष्णेवरून
देवाला निघालेल्या म्हातारीच्या चालीनं.
आत ड्रायव्हर
दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून.
भोवऱ्यापाशी नाव जराशी कलली
तेव्हा त्यानं ते हळूच डावीकडं वळवलं.
आमच्या होडीत कुणी हसलं नाही.

धक्क्यावरच्या पत्र्यावर जुने दर अजून वाचता येतात.
वर कानडी, खाली मराठी,
गंज आकड्यांना जास्त.
माणूस अर्धा आणा. म्हैस दोन आणे.
मोटार दीड रुपया, ड्रायव्हर धरून.
प्रेत फुकट, सोबतच्यांचे पैसे पडतील.
हत्ती : विचारून.

'आला होता का कधी हत्ती?'
'आज्याच्या वक्ताला. पंचकल्याणकाचा.
विचारलं की त्याला,' रायाप्पा म्हणाला,
'नगं म्हणाला. पवत गेला.'

माझ्या बापानं कुणालाच विचारलं नव्हतं.
मिरजेहून जुनी फियाट घेऊन
तो ह्याच फळ्यांवर चढला.
आई काठावरच उतरली:
गाडी जाते तर जाऊ दे,
जर्मनचा डबा तेवढा माझ्याकडं द्या.
मधल्या धारेत त्यानं हॉर्न वाजवला म्हणे,
लांबलचक.
समोर कुणीच नव्हतं.

थोरली गेली. तिची लाट
बऱ्याच वेळानं आमच्यापर्यंत आली,
कोंबड्या एकदम बोलायला लागल्या.
वरच्या अंगाला नव्या पुलाचे पाच खांब,
सहाव्याच्या नुसत्या सळया, त्यावर बगळा.

पलीकडच्या काठाला मोटार सुरू करत होते.
दोनदा घरघरली, मग नाहीच.
मग तराफ्यावरच्याच माणसांनी
विजारी वर खोचून
ढकलत उतरवली तिला चिखलात,
आणि तो आतच,
दोन्ही हात तसेच.