हातचा

परीक्षेच्या सकाळी ब्रिट्टाचा कॅल्क्युलेटर चालेना.
मी टीव्हीच्या रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून दिल्या.
एक जराशी गळत होती,
ती पँटला पुसली.

दुलूथमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
सरोवर गोठलेलं, धक्क्याला एकही जहाज नाही,
आणि शाळेच्या पार्किंगमध्ये आम्ही तेवीस गाड्या,
एकेकीत एकेक आई, नाहीतर बाप.
थोडा वेळ हीटर. मग बंद. मग पुन्हा थोडा वेळ.
शेजारच्या गाडीतून आर्डेलने काच खाली करून विचारलं,
"तुमची कितवी खेप?"
"दुसरी."
"आमच्याची चौथी," ती म्हणाली, आणि डोनटचा खोका पुढे केला.
प्रत्येक खेपेची फी वेगळी,
हे दोघांनीही गिळलं, डोनटबरोबर.

उन्हाळ्यात कॉलेजं पाहत हिंडलो.
एक पोरगा उलट्या पावलांनी चालत
सगळं दाखवत होता: ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, जुनी घंटा,
आणि कशावरच आपटत नव्हता.
मार्लिस शौचालयं किती स्वच्छ आहेत ते बघून आली.
मी छपरं बघत होतो. तांब्याची छपरं.
लोहखनिजाच्या गोदीत एकवीस वर्षं काढली की
धातूचा भाव नजरेनेच कळतो.
ब्रिट्टा काहीच बोलली नाही.
परतीच्या चारशे मैलांत
तिने रेडिओसुद्धा लावला नाही,
तेव्हाच समजलो.

फॉर्म विचारतो दोन वर्षांपूर्वीची कमाई.
दोन वर्षांपूर्वी मला नोकरी होती.
म्हणजे कागदावरचा मी
अजून पहाटे पाचला उठतो, डबा घेतो, गोदीत जातो,
आणि त्याच्या पगारावरून ते ठरवतात
आम्हाला किती झेपेल.
तो कुठे भेटला
तर चार पैसे उसने मागेन म्हणतो.

नोव्हेंबरात निबंध.
"डॅड, फक्त स्पेलिंग बघ हं."
विषय होता, तुमच्यावर आलेली अडचण.
साडेसहाशे शब्दांत बसवायची.
तिसऱ्या परिच्छेदात मी होतो.
माझे वडील रात्री गॅरेजमध्ये जातात, तिने लिहिलं होतं,
बर्फ उडवायचं यंत्र दुरुस्त करायला.
यंत्र जानेवारीपासून नीट चालतं आहे.

मी एक स्वल्पविराम हलवला.
"गॅरेज"चं स्पेलिंग बरोबर होतं.
"छान आहे," म्हटलं.
त्या रात्री कुठे जाऊन बसावं, कळेना.

एप्रिलात पत्र आलं, तांब्याच्या छपरांकडून.
अभिनंदन केवढ्या मोठ्या अक्षरात!
खाली मदतीची यादी, आणि मदतीच्या यादीत
तिसऱ्या ओळीला कर्ज,
लग्नाच्या फोटोत घुसलेल्या परक्या माणसासारखं,
हसत उभं.
मार्लिसने पेन्सिल घेतली.
शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं
दूध-पाव मोजणारी बाई, चुकायची नाही.
तरी तिने तीनदा बेरीज मांडली,
वाटलं असेल, कुठे हातचा जास्त धरला गेला असेल.
नव्हता.
अकरा हजार चारशे कमी पडत होते.
गुणिले चार, हे तिने लिहिलं नाही,
मनातच केलं; ओठ हलले तेवढे दिसले.

ब्रिट्टा म्हणाली, टेकडीवरचं युनिव्हर्सिटीही चांगलंच आहे की.
बसने पंधरा मिनिटं.
एवढ्या समजूतदारपणे म्हणाली
की मार्लिस ओरडलीच तिच्यावर,
एवढं शहाणं व्हायला कुणी सांगितलं होतं तुला?
मग सगळेच गप्प. भांडी मी घासली.

कळवायची मुदत पहिल्या मेची.
बोट विकली तर पहिलं वर्ष निघतं.
दुसऱ्याचं बघू, असं आम्ही म्हणतो,
आणि बघत मात्र कुणी नाही.

काल रात्री उठलो, तर गॅरेजच्या दाराखाली उजेडाची फट.
आत ती बसली होती, माझ्या उलट्या बादलीवर,
अंगात माझंच जाकीट.
परत फिरावं, असं एकदा वाटलं.
मग भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची उघडली.

"यंत्र बघायला आलो होतो," म्हटलं.
"मीपण," ती म्हणाली,
आणि बादली थोडी सरकवून
तिने मला जागा केली.