तीन मिनिटं

पोर्ट आर्थर, टेक्सस. नगरपालिकेची सुनावणी.
ओरलीथा ब्रूसार्डला बोलायला तीन मिनिटं.
तिनं पर्समधून नातवाचा इनहेलर काढला,
माइकपाशी ठेवला
आणि गप्प उभी राहिली.

घड्याळ लाल आकडे गिळत होतं.

कंपनीनं रस्त्याच्या डाव्या हाताची घरं विकत घेतली,
उजव्या हाताची नाही.
गंधकाचा वास दोन्हीकडे सारखाच.
समोरची डेल्फीन पैसे घेऊन ब्यूमाँटला गेली,
चाळीस वर्षांची शेजारीण.
परवा चर्चला आली
तर कुणीतरी तिच्या ट्रकची काच फोडली.

मी कंपनीच्या रांगेत,
गळ्यात ओळखपत्र.
रात्री किती जाळलं, त्या कागदावर
सही माझी.

वेळ संपली, अध्यक्ष म्हणाले.

पुढचं नाव माझं होतं.
इनहेलर अजून माइकपाशीच.